काजमावशीचे डोळे

१२ मार्चला शिंपीमास्तरांनी कोटांच्या सोळा काजांचे आगाऊ सहाशे चाळीस रुपये काजमावशीच्या हातावर ठेवले. मुदत घातली नाही. तिचा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पसरलाय आणि केमोथेरपीला दाद देत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण हाताने काज करावं तर मावशीनेच. "कोट फाटेल, काज राहील," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

आता तिला नवं औषध चालू होतं. दर तीन आठवड्यांनी ते सलाईनमधून जायचं, कॅन्सरच्या पेशी हुडकायचं आणि विष त्यांच्यात नेऊन सोडायचं. "म्हणजे पत्ता विचारून घरात शिरणारं!" तिची नणंद म्हणाली. गाठ खरंच लहान झाली. मात्र ते डोळ्यांना बाधू शकत होतं. त्यासाठी थेंब होते, शिवाय सलाईन चालू असताना डोळ्यांवर गार पिशव्या. त्या बदलायला नणंद शेजारी बसायची.

"वन्सं, पाणी मानेत चाललंय हो."

"चालू दे. माझ्या भावाच्या गळ्यात माळ घातलीस तेव्हा रडली नाहीस, आता भरपाई कर."

चौथ्या डोसानंतर मावशीला सुईचं नेढं दिसेना. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की औषध थांबवतील, हीच धास्ती. "तुमच्या हाताला यश आहे," म्हणत ती नणंदेकडून सुया ओवून घ्यायची आणि टाके बोटांनी चाचपत घालायची.

बटणं लावायचं काम नणंदेचं. एका कोटाचं बटण तिने काजात घातलं, तर ते आपसूक बाहेर आलं. तिने कोट खिडकीपाशी नेला. टाके कुठे दाट, कुठे विरळ.

"कधीपासून दिसत नाही?"

"दोरा खराब आहे, वन्सं."

"दोऱ्यावर ढकलू नकोस. इतक्या वर्षांत तुझं एक काज वाकडं पाहिलं नाही मी."

मावशीचा बांध फुटला. "हेच एक औषध लागू पडलंय. बंद केलं तर?"

"आणि आंधळी झालीस तर माझ्या कामातल्या चुका कोण काढणार? ऊठ, चपला घाल."

डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळावर सूज दिसली. पुढचा डोस लांबणीवर पडला. "आणखी लपवलं असतंत तर औषध कायमचं सोडावं लागलं असतं," कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सूज उतरल्यावर त्यांनी ते कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं.

त्या दिवशी डोळ्यांवर पिशव्या ठेवून पडल्या पडल्या मावशीने नणंदेची बाही चाचपली.

"वन्सं, शिवण उसवलीय."

"झाकल्या डोळ्यांनीही गप्प बसवत नाही हिला!" म्हणत नणंदेने पिशवी बदलली आणि हळूच स्वतःचे डोळे पुसले.

बिघडलेली काजं मावशीने उसवून पुन्हा केली. चौदा काजं मास्तरांकडे पोचली. उरलेल्या दोन काजांचे आगाऊ घेतलेले ऐंशी रुपये तिच्याकडे अजून फिटायचे आहेत.