भोकं पाडलेली वॉटरप्रूफ पेटी

तेच मशीन तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आलं, तेव्हा मी ते सोडून आधी पेटीच नाकाला लावली. कुबट वास आला. आतला फोम दाबला, तर बोट ओलं झालं.

आता हे कसं शक्य होतं? पेटी माझ्या हातची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वैद्यकीय उपकरणांच्या पेट्या करणारा आमचा बेळगावातला छोटा कारखाना, आणि मी तिथला डिझायनर. मशीन होतं डॉपलर. गरोदर बाईच्या पोटावर त्याचा प्रोब टेकवला की बाळाचे ठोके स्पीकरवर ऐकू येतात. प्रोब म्हणजे वायरला लावलेला मुठीएवढा भाग.

कॅसलरॉकच्या एका धर्मादाय दवाखान्याची सिस्टर ते घेऊन जंगलातल्या वाड्या-वाड्यांतून पायी फिरायची. पहिल्यांदा बिघडलं तेव्हा मी झाकणाला गॅस्केट लावली, म्हणजे कडेची रबरी पट्टी. दुसऱ्यांदा ती दुप्पट जाड केली. पेटी दिवसभर हौदात बुडवून ठेवली, आत थेंब नाही. तरी मशीन आधीपेक्षा लवकर बंद पडलं. पेटी जितकी घट्ट, तितका बिघाड लवकर! याने मला अक्षरशः पछाडलं.

आमचे मालक कामत साहेब म्हणाले, दवाखाना आता कंटाळलाय, पुन्हा बिघडलं तर मशीन कायमचं परत करणार आहे. मशीन दुरुस्त करून घेतलं आणि ते घेऊन मी स्वतःच कॅसलरॉकच्या गाडीत बसलो.

सिस्टर शेवंताक्का खानापूरकडची, पन्नाशीची, चालण्यात मला दमवणारी. पुन्हा बिघडलं तर मशीन परत जाणार हे तिला कळलं होतं. वाटेत ती एवढंच म्हणाली, की ठोके मंद लागले तर ती बाईला वेळेत गाडीत बसवून बेळगावला धाडते. मशीन नव्हतं तेव्हा एकदा एका बाईला धाडायला उशीर झाला होता. 

पहिल्या घरी ठोके छान वाजले. घोडा दौडावा तसे. मी पहिल्यांदाच ऐकत होतो, मला भरूनच आलं. मग अक्का परसात गेली आणि तांब्याने प्रोबवर सरळ पाणी ओतलं! प्रोब झटकला, पेटीत ठेवला, झाकण दाबून बंद. बाहेर पाऊस होताच.

माझं डोकं फिरलं. कोरड्या फडक्याने पुसायचं असं मशीनच्या पुस्तकात छापलंय, वाचत नाही का, असं मी बरंच काही बोलून गेलो. तिने पेटी खांद्याला लावली आणि म्हणाली,

"साहेब, एकीच्या पोटाला लावलेलं न धुता दुसरीच्या घरात नेलं, तर घरची म्हातारी उंबऱ्यातनंच परत पाठवती. पुसलेलं चालत न्हाई, पाणीच पडाय लागतं. मशीन कोरडं राहील हो. पर मग लावू कुणाला?"

 पुढच्या घरी तर दारातच आज्जी उभी. आधी प्रोबकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"धुतलंय न्हवं?"

"व्हय, आज्जी," अक्का म्हणाली, तेव्हा कुठे वाट मिळाली.

म्हणजे पाणी बाहेरून येत नव्हतंच. अक्का ते रोज चार-पाच वेळा आत ठेवत होती, आणि माझी गॅस्केट ते इमानेइतबारे कोंडून ठेवत होती. फोम ते प्यायचा आणि मशीन त्या ओल्या गादीवर दिवसभर झोपायचं. सर्किटवरचा हिरवा गंज तिथून आला होता. चूक माझी होती आणि मी ओरडलो होतो तिच्यावर. लाज वाटली.

अक्का आत तपासत होती. मी ओसरीवर बसलो होतो. आज्जीने तांदूळ धुऊन बांबूची रोवळी दगडावर तिरकी ठेवली. पाणी खालून निघून गेलं, तांदूळ वर राहिले. मी त्या रोवळीकडे बघतच बसलो. आज्जीला वाटलं मला भूक लागलीय. तिने जेवायला वाढलं, आणि मी जेवलोही.

बेळगावला येऊन पेटीचे दोन कप्पे केले. मशीनचा कप्पा बंद, गॅस्केटसकट. वायर जाते तिथेही रबर. शेजारी प्रोबचा कप्पा, फोम नाही, तळाला भोकं. प्रोबचा जोडही सील केला, आता खुशाल धुवा.

कामत साहेबांनी पेटी उलटी करून बघितली. "वॉटरप्रूफ पेटीला भोकं? गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"रोवळी आहे म्हणून सांगा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच बघितलं, पण पेटी पाठवली.

उरलेला सगळा पावसाळा मशीन दुरुस्तीला आलं नाही. दिवाळीच्या सुमारास अक्काचं कार्ड आलं. मशीन बरं हाय, दोघींना वेळेत गाडीत बसवलं, दोन्ही बाळं घरी आली. आणि खाली: प्रोबची मूठ तेवढी खरबरीत करा, ओल्या हातातनं निसटती.

मूठ खरबरीत करून दिली. तेव्हापासून पेटीचं काम आलं की कागदावर रेघ ओढण्याआधी मी एकच विचारतो, हे धुणार कोण आणि कुठे. गिऱ्हाइकं म्हणतात, हे कोणी धूत नाही हो. मी म्हणतो, एकदा बघून येतो.