गल्लीतला एकच धडधाकट कॉम्प्युटर

महाडच्या पोलीस ठाण्यात असतानाची ती घटना माझ्या डोक्यातून आजही जात नाही. चोर मी ढिगाने पकडले. मी नुसता खाकरलो तरी एसटी डेपोतले खिसेकापू आपणहून पाकिटं परत करायचे! पण या केसमधला चोर दिसतही नव्हता, पळतही नव्हता.

शिमगा नुकताच उरकला होता. कोर्टाजवळच्या गल्लीतले फोटो स्टुडिओवाले ठाण्यात आले, मागोमाग उमरठचे एक वधूपिता. स्टुडिओच्या कॉम्प्युटरमधून लग्नाचे सगळे फोटो गायब!

“सायब, आता पोरीचं लगीन परत लावू काय?” वधूपिता म्हणाले. “व्याही रोज फोन करतात, फोटू कुठं हायत?”

संशय कोणावर, विचारताच स्टुडिओवाल्यांनी समोरच्या टायपिंगवाल्या बाईंकडे बोट दाखवलं. बाई लग्नपत्रिका करायच्या, हल्ली पासपोर्टचे फोटोही काढू लागल्या होत्या. धंद्यातली खुन्नस. हेतू तयार!

ठाणे अंमलदारांनी तक्रार लिहून घेतली. मी माझ्या खबऱ्याला, म्हणजे गल्लीतल्या चहावाल्याला गाठलं. तो कानाशी लागला, “साहेब, अख्ख्या गल्लीचे कॉम्प्युटर व्हायरसनं आडवे झालेत. बाईंचा तेवढा ठणठणीत हाय.”

झालं! सगळी आळी फुटली आणि एकच घर शाबूत राहिलं, तर पोलीस आधी त्याच घरात शिरतो. बाईंना बोलावणं धाडलं. त्या ठाण्यात पोहोचायच्या आत बातमी बाजारभर झाली आणि गिऱ्हाइकं पत्रिकांचे मजकूर परत मागू लागली. बाईंचं घर त्या दुकानावर चालत होतं.

मी आवाज असा लावला, की सावित्री नदीतले मासे पार दासगावपर्यंत पळाले असावेत. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“तुमचाच कॉम्प्युटर कसा वाचला?”

“त्यातलं सॉफ्टवेअर वेगळं आहे, साहेब. मागे व्हायरसनं माझ्या पत्रिका खाल्ल्या, तेव्हा वैतागून मुक्त सॉफ्टवेअर घातलं. फुकट मिळतं.”

“फुकट? म्हणजे चोरीचं!”

“उलट आहे. ते कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं, अशी रीतसर परवानगीच असते. बाकीच्यांकडे बिलं मागून बघा की!”

स्टुडिओवाले एकदम छताचा पंखा न्याहाळू लागले. हवालदाराला खोकल्याची उबळ आली.

“मग हा व्हायरस आणला कुणी?”

“मुंबईकर मंडळी शिमग्याला गाणी आणतात. तो पेन ड्राइव्ह गल्लीत प्रसादासारखा फिरतो, नको कुणी म्हणत नाही. यंदा या स्टुडिओवाल्या भाऊंच्याच मेहुण्यांनी आणला. गाणी मीही घेतली. तो किडा माझ्याकडेही आलाय, पण मेल्या झुरळासारखा पडलाय. दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी केलेला व्हायरस माझ्याकडे चालत नाही.”

पंच घेतले आणि सगळी वरात स्टुडिओत नेली. बाईंनी पर्समधून त्या मुक्त सॉफ्टवेअरची सीडी काढली आणि स्टुडिओचा कॉम्प्युटर त्या सीडीवरूनच सुरू केला. व्हायरसनं फोटो पुसले नव्हते, नुसते दडवले होते. बाईंच्या सॉफ्टवेअरनं दडवलेलं सगळं उघड दाखवलं. हळद, वरमाला, पंगत, पंगतीत रुसलेले मामासुद्धा!

“अरे, ही बघा माझी पोर!” वधूपित्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि स्टुडिओवाल्यांकडे वळले. “ह्या बाईंला चोर बोललास रे? हात जोड आधी!”

स्टुडिओवाल्यांनी हात जोडले. ते सोडायच्या आतच म्हणाले, “ताई, ती सीडी मलाही...”

“देते की. फुकटच आहे. आधी तक्रार मागे घ्या.”

मी पंचनामा केला आणि गल्लीच्या मध्यावर उभा राहून, पार चवदार तळ्यापर्यंत जाईल अशा आवाजात, बाई निर्दोष असल्याचं सांगितलं. संध्याकाळी पत्रिकांची गिऱ्हाइकं परत आली.

त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. आज माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर त्यांचंच सॉफ्टवेअर आहे आणि हा मजकूर त्यावरच लिहितोय. पण खरे उपकार निराळे. पुढे पोलादपूरला असो की आणखी कुठे, सगळे बुडाले आणि एकटाच तरला, असा माणूस समोर आला की मी प्रश्न तोच विचारायचो, “तुम्ही कसे वाचलात?” फक्त विचारण्याआधी त्याला बसायला खुर्ची द्यायचो.