वासराविना वसुबारस

माझ्या साडूंइतका गाईचा अभ्यास केलेला आणि गाईकडून काडीचंही न शिकलेला माणूस उभ्या इंग्लंडात दुसरा सापडायचा नाही. आमच्या मिल्टन कीन्सपासून तासाभरावर एक संशोधनाचा फार्म आहे. मांसासाठी पोसलेल्या गुरांची वासरं आईपासून कोणत्या वयात तोडली तर त्यांच्या स्नायूंतली कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती झोपून राहतात, हे तिथं शोधण्यात त्यांची उभी हयात गेली. वासराच्या पाठीतून हरभऱ्याएवढा तुकडा काढायचा आणि तो महिनोन्‌महिने यंत्रांत घालून बघायचा. स्वतः अंडंसुद्धा खात नाहीत. नागपूरच्या आपल्या आईला त्यांनी ‘मी इकडे गाईंचं बघतो’ एवढंच सांगितलं होतं. ती माउली जन्मभर आळीत सांगत राहिली, लेक विलायतेत गोसेवा करतो म्हणून!

बरं, विद्या फार्मवर ठेवून घरी यावं की नाही? छे! कुणाकडे जेवायला गेले की समोरच्या माणसाचे दंड न्याहाळायचे आणि वाटी पुढे करत म्हणायचे, “तुमचं अंगावरचं दूध फार लवकर तोडलेलं दिसतं.” गणपतीच्या आरतीनंतर एका डॉक्टरीणबाईंना त्यांनी भर हॉलमध्ये विचारलं, “मुलाला अंगावरून कितव्या महिन्यात तोडलंत?” बाई प्रसाद न घेता निघून गेल्या. “आवरा तुमच्या साडूंना,” बायको मला म्हणाली. जसा काही मीच तो माणूस शोधून आणला होता! आला तिच्याच माहेराकडून. मी एकदा चिडून म्हटलं, “अहो, आता काय फरक पडतो त्यानं?” तर मलाच शिकवायला लागले. “पडतो रे! लवकर तोडलेल्या वासराला धान्याचा खुराक दे, त्याच्या स्नायूत चरबीची जनुकं आधी जागी होतात. वरून दिसायला वासरू गुटगुटीत. पण आत जे बदललं ते बदललं. स्नायू विसरत नाही.”

आणि हे सांगणाऱ्या माणसानं स्वतःची मुलगी आठ महिन्यांची असताना नागपूरला आईकडे सोडली होती. ह्यांचं पीएचडी, ताईंची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, नोकरी, एका खोलीतला संसार. सगळी कारणं खरी होती, नाही असं नाही. पण ‘वर्षभरात नेऊ’ म्हणता म्हणता पोर सहा वर्षांची झाली. आजीला ‘आई’ म्हणायची. हीथ्रोला उतरल्यावर तिनं ह्या दोघांना वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. हा किस्सा साडू हसत हसत सांगत, ‘बघा, संस्कार!’ म्हणून. मला त्या हसण्याची चीड यायची.

आता तीच मुलगी ब्रॅकनेलला आयटीत आहे आणि तिला एक गोंडस मुलगा झालाय. तिची रजा संपत आली तशी साडूंना स्वप्नं पडायला लागली. नातवाला सोमवार ते शुक्रवार आपल्याकडे ठेवायचं, शनिवारी-रविवारी आईकडे. पाळणा आणला, खोली रंगवली, रिटायरमेंटचा अर्जसुद्धा देऊन टाकला. फक्त मुलीला विचारायचं राहिलं होतं. म्हणाले, “वसुबारसेला फार्मवर बोलावतो सगळ्यांना. गाय-वासराची पूजा होऊ दे, मग विषय काढतो.”

काय ती वसुबारस! पैठण्या नेसलेल्या पाच-सहा बायका, पायात वेलिंग्टन बूट, हातात हळदकुंकवाची ताटं. फार्मच्या गोऱ्या मॅनेजरनं प्रत्येकीचे बूट औषधाच्या बादलीत बुडवून घेतले. कुंपणापाशी पोचलो तर समोर नुसत्या गाई. मान वर करून हंबरताहेत, हंबरताहेत, ऐकवेना. आदल्याच दिवशी वासरं तोडून पलीकडच्या शेडमध्ये नेली होती. आणि तारीख कुणी ठरवलेली? ह्यांनीच! कामाच्या कॅलेंडरात ‘वीनिंग’, म्हणजे वासरं तोडणं, लिहिलेलं, घरच्या कॅलेंडरात वसुबारस. दोन्ही रोज बघत होते, पण शेजारी शेजारी कधी ठेवली नव्हती.

“बाबा, वासरू कुठंय?” मुलीनं विचारलं. तिच्या कडेवर बाळ होतं.

“आहे ना, तिकडं आहे. काळजीचं काही नाही. दोन-तीन दिवस ओरडतात, मग विसरतात. वासरं तर खाऊन-पिऊन मजेत असतात, वजनं बघ हवं तर.” आणि त्याच दमात, ताटातली निरांजनं अजून पेटायची असताना, ते म्हणाले, “मी काय म्हणतो, बाळाला आठवडाभर आमच्याकडेच ठेव. तुला नोकरी, आम्हाला विरंगुळा. लहान आहे तोवर सवय होते पटकन.”

तिनं हंबरणाऱ्या गाईंकडे बघितलं. मग शांतपणे, अगदी नागपुरी सुरात म्हणाली, “नाही जी बाबा. तो नर्सरीत जाईल. रोज संध्याकाळी घरी येईल. माझ्याजवळ.”

ताईंनी पदर तोंडाला लावला. साडूंना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि झालं तेव्हा बघवलं नाही. बायकांनी कुंपणालाच हळदकुंकू वाहिलं आणि आम्ही निघालो.

आता मी त्यांना कधीमधी रविवारी ब्रॅकनेलला नेतो. चहा होतो, बाळ थोडं खेळतं, आम्ही परततो. परवा परतताना ते एकाएकी म्हणाले, “पोरीला नागपूरला सोडून आम्ही निघालो तेव्हा ती किती रडली असेल रे? मी इथून फोनवर आईला विचारायचो. ती म्हणायची, छान खेळते, वजन वाढलंय. मी वजनच धरून बसलो. रडते का, हे कधी विचारलंच नाही. आता आईही नाही. विचारू कुणाला?”

मला त्यांचा राग आहे, अजूनही आहे. पण त्या दिवशी मी त्यांना त्यांच्या घरी सोडलं नाही. आमच्याकडे घेऊन आलो आणि जेवायला बसवलं.