न सुटलेली जोडी

हातमोज्यांच्या कारखान्यात आमच्या टेबलावर जोड्या येतात, दोऱ्यानं टाचलेल्या. टाका तोडायचा, डावा एका पेटीत, उजवा दुसऱ्या. शेजारच्या वहिनींचा या कामात हात धरणारं कुणी नाही, तरी कधी एखादी जोडी न सुटता तशीच एका पेटीत जाते. मग तिथे एक जास्त, दुसरीकडे एक कमी.

वहिनींची चिमी डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली. तेव्हा त्यांच्या धाकट्या जावेनं भरल्या घरात तोंड सोडलं, "पोटुशी असताना मशीनपाशी उभी राहिली, पोरीचं वाटोळं केलं." चिमीला तिनं कधी जवळ घेतलं नाही. आणि वहिनी आपलं काय चुकलं ते वर्षानुवर्षं उकरत बसल्या.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुटतात, प्रत्येकीतलं एकच बीजात जातं. क्वचित एखादी जोडी सुटतच नाही, दोन्ही एकाच बीजात शिरतात आणि दुसऱ्या बीजातलं एक मिळून बाळात त्या गुणसूत्राची तीन होतात. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते, पण उभं राहून किंवा ओझं उचलून हे होत नाही. कितीतरी गर्भ अशाच गफलतीनं सुरुवातीलाच पडतात. वहिनींनी हे सगळं मला हातमोजे हातात घेऊन दाखवलं, आणि मग पोटभर रडल्या.

परवा जेवणाच्या सुट्टीत आम्ही फाटकाशी डबा खात होतो, तर तीच जाऊ हजर. तिचा दुसऱ्यांदा गर्भ पडला होता. डोळे सुजलेले. मला तिची दया आली नाही, खोटं कशाला सांगू.

"जाऊबाई, मी तर घरातच होते. तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? माझंच काही चुकलं का?"

वहिनींनी शांतपणे घास संपवला. "आठवून बघ. काहीतरी केलं असशील."

"फळीवरचं मोठं पातेलं उतरवलं होतं एकदा..."

"तेच असेल."

ती खाली मान घालून गेली. टेबलाशी परत आल्यावर मी म्हटलं, "बरी जिरवलीत. पण खरं सांगाल ना तिला कधीतरी?"

वहिनींनी टाका तोडला.

"माझी पोर हात पसरून तिच्याकडे धावते आणि ही बाजूला सरते. एकदा तिला मांडीवर घेऊ दे, त्याच दिवशी सांगेन. तोवर बसू दे शोधत."