तेहतीसवर वाजलेलं डिस्को

परवा विक्रोळीत भाचीच्या हळदीला डीजेने एक जुनं इंग्रजी डिस्को गाणं लावलं. नुसता बेस सुरू झाला आणि अख्खा हॉल नाचायला लागला. फक्त माझे आणि बहिणीचे पाय जुळेनात. मी डीजेला जाऊन म्हटलं, "स्पीड कमी कर रे, गाणं पळतंय." तो म्हणाला, "काका, ओरिजिनल आहे." माझं डोकंच फिरलं. ज्या गाण्यावर आम्ही चाळीत दर गणपतीत नाचलो, ते हा मला शिकवणार?

घरी येऊन माळ्यावरून त्या गाण्याची रेकॉर्ड काढली. लेबलवर स्पीड छापलेला होता, मिनिटाला पंचेचाळीस फेरे. पण मोठी तबकडी तेहतीसवर आणि छोटी पंचेचाळीसवर लावायची, हा बाबांचा नियम. ही मोठी, त्यामुळे कायम तेहतीसवर, हळू वाजली; लेबल कुणी वाचलंच नव्हतं. म्हणून त्या गायिकेचा आवाज इतका जाड यायचा की आम्ही तिला पुरुष समजायचो.

वैतागून बाबांना म्हटलं, "इतकी वर्षं चुकीचं गाणं ऐकवलंत."

ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "तेव्हा कोणी बसून राहिलं होतं का?"