सावनेरच्या पुढचं डांबरी वळण

सांगलीच्या स्टेशनावर माझ्या लेकाने पिशव्या बाकाखाली सरकवल्या, पाण्याची बाटली हातात दिली आणि गाडी हलली तशी खिडकीशी चालत चालत एवढंच म्हणाला, "आई, तिला घेऊनच ये."

ती म्हणजे त्याची लेक, माझी नात मृणाल. मोटारींच्या रॅलीत ती नॅव्हिगेटर म्हणून बसते. गाडी चालवतो दुसरा, ही शेजारी बसून त्याला पुढचा रस्ता वाचून दाखवते. मागच्या दोन शर्यतींत त्यांची गाडी शेवटपर्यंत पोचलीच नव्हती. पहिल्या वेळी इंजिन गेलं. दुसऱ्या वेळी हिने वहीतली एक ओळ गाळली आणि गाडी थेट ओढ्यात. महिनाभर हात गळ्यात होता. तेव्हापासून बाप तिच्याशी बोलत नाही. तिने मला फोनवर सांगितलं होतं, "आजी, नागपूरची फेरी शेवटची. ह्यातही पोचलो नाही, तर वही मिटून घरी येते." लेक उघड म्हणाला नाही, पण गाडी वाटेत बंद पडावी असंच त्याच्या मनात होतं. खोटं कशाला बोलू, निघताना माझ्याही होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर नागपूरला उतरले. मृणाल तिच्या कामात, म्हणून मला न्यायला मंदाताई आल्या होत्या. मृणालची गाडी चालवणारा पराग, त्याची ही आई. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, खणखणीत आवाजाची बाई. लांबूनच हात जोडून म्हणाल्या, "जयभीम! तुम्हीच मृणालच्या आजी ना जी? चेहरा अस्सा पडला, रात्रभर झोप नाही वाटते!" आणि माझी जड पिशवी त्यांनी उचललीसुद्धा.

नागपूरच्या बोलण्यात हा 'जी' सारखा येतो, आणि एवढा गोड येतो की भांडण करायचं म्हटलं तरी जमू नये. घरी गेल्यावर म्हणाल्या, "सांबारवडी केली." मी आपली आमटीची वाट बघत बसले. समोर आली खमंग तळलेली, आत कोथिंबीर ठासून भरलेली वडी. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सकाळी तर्रीपोहे दिले (पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा). आम्ही तिखट खाणारी माणसं, पण दुसऱ्या घासाला माझं नाक वाहायला लागलं. मंदाताई म्हणाल्या, "कायले घाबरता? हे तं पोरासोरांचं तिखट हाय."

शर्यतीच्या आदल्या दिवशी विमानतळाजवळ, मिहानकडच्या मोकळ्या मैदानावर गेलो. तिथे गाड्यांचा मुक्काम. जपानी, इंडोनेशियन, न्यूझीलंडकडचे, आपल्याकडचे, सगळ्यांचे तंबू ओळीने. एका तंबूत चौघे जण गाडीखाली आडवे होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. हात बाहेर आला की त्यात बरोब्बर हवा तो पाना पडायचा. अर्ध्या तासात त्यांनी गाडीचं पोट उघडून परत शिवलं. इतकं नेटकं काम मी लग्नघरातसुद्धा पाहिलेलं नाही. तिथे निदान आचाऱ्यावर ओरडणारा एक मामा असतोच.

मृणाल भेटली. वाळली आहे. गळ्यात पडली, पण डोळे सारखे वहीकडे. संध्याकाळी मंदाताईंच्या गच्चीवर तिने मला ती वही उलगडून दाखवली. शर्यतीआधी सगळ्यांना रस्त्यावरून दोनदा सावकाश जाऊ देतात. तेव्हा प्रत्येक वळण लिहून घ्यायचं. डावं की उजवं, किती तीव्र, पुढे किती मीटर सरळ. मग शर्यतीत ही वाचणार आणि पराग त्या भरवशावर, पुढचं काही दिसत नसताना, गाडी सोडणार.

"आणि हे लाल पेन कशाला गं?"

"ते उद्यासाठी, आजी. ही डांबरावरची रॅली. टायर गुळगुळीत असतात, कोरड्या डांबराला चिकटून चालतात. थोडी माती आली, थोडं पाणी आलं, की साबणावर पाय पडल्यासारखं. म्हणून सकाळी पाहणीची एक गाडी पुढे जाते. कुठे चिखल, कुठे ओल, ते येऊन आम्हाला सांगते. मी लाल शाईने लिहून घेते. पण ती गाडी गेल्यानंतर रस्ता जसाच्या तसा राहायला हवा. नंतर काही बदललं तर आम्हाला कळायला मार्ग नाही."

मी मान डोलावली. सगळं समजलं होतं मला. हे मुद्दाम लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाताई मला सावनेरच्या पुढे एका गावात घेऊन गेल्या. तिथे त्यांच्या ओळखीच्या सुमनबाईंचं घर रस्त्याला लागून, ऐन वळणावर. रस्ता बंद व्हायच्या आत पोचलो. दोन्हीकडे पांढरा फुटलेला कापूस, मागे संत्र्याची हिरवी बाग, आणि मधून तो नवाकोरा काळा रस्ता असा काही वळत गेलेला की वाटावं कोणी ओली साडी पिळून टाकली आहे. वळणावर पहारा होता रमेशभाऊंचा. हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी, रॅलीसाठी रजा टाकून मार्शल झालेले. गळ्यात शिट्टी, हातात वायरलेस. त्यांनी आम्हा बायकांना ओट्याच्या मागे जागा आखून दिली. "मोठ्या बाई, ह्या दोरीच्या पुढे यायचं नाही बरं का जी."

पाहणीची गाडी येऊन गेली. मग रमेशभाऊ पुढच्या फाट्यावर कोणाचे बैल आले म्हणून ते हाकायला गेले. आणि सुमनबाई शेणाची बादली घेऊन बाहेर आल्या.

"रोज इथून कोळशाचे ट्रक जाते. दारासमोर टिपका टेकवता येत नाही. आज पह्यल्यांदा रस्ता आमचा हाय. एवढ्या दूरदेशाहून पाव्हणे येऊन राहिले, आन् दारासमोर सडा नाही?"

शेजारच्या दोघी-तिघी आल्याच. सपासप शेणसडा पडला. रांगोळ्या सुरू झाल्या. माझे हात शिवशिवले हो! चाळीस वर्षं दारात रांगोळी घातलेली बाई मी, दोरीच्या मागे कशी बसणार? उठले, आणि वळणाच्या आतल्या अंगाला, डांबर सगळ्यात गुळगुळीत होतं तिथे, एकवीस ठिपक्यांचं कमळ घातलं. मंदाताई म्हणाल्या, "अव माय, काय हात हाय तुमचा!" मी फुलून गेले. मृणालची गाडी ह्यावरून जाणार, नातीच्या पायाखाली आजीचं कमळ, असं काहीबाही मनात चाललं होतं.

कमळ पुरं करून उठायला गेले आणि चप्पल सटकन सरकली. मी धपकन बसले, त्या शेणातच.

सगळ्या हसायला लागल्या. मला हसू येईना. गच्चीवरचं मृणालचं बोलणं शब्द न् शब्द आठवलं. पाहणीची गाडी तर गेली होती.

आता पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते. बसल्या जागी मनात येऊन गेलं की गाडी इथेच अडकली तर मृणाल माझ्याबरोबर घरी येईल. लेकाने सांगितलं तसं होईल. तेवढ्यात समोर सुमनबाईंच्या ओट्याची दगडी भिंत दिसली. घसरलेली गाडी जाणार कुठे? त्या भिंतीवरच.

"रमेशभाऊ!" मी अशी ओरडले की कापसातले बगळे उडाले.

रमेशभाऊ धावत आले आणि रस्ता बघून त्यांनी डोक्याला हात लावला. "अवो माय! हे कोणं केलं जी?"

सुमनबाईंचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "मी. मला माहीत होतं, तरी केलं. तुमच्या त्या वायरलेसवर लगेच सांगा."

त्यांनी सांगितलं. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वीस मिनिटं देऊन राहिले. साफ नाही झालं तं इथली स्टेज, म्हणजे ह्या रस्त्यावरची शर्यत, रद्द. सगळ्या गाड्या दुसऱ्या रस्त्याने नेतील."

"रद्द काहून?" सुमनबाई एकदम ताठ झाल्या. "गावानं महिनाभर वाट पाह्यली. आणा वं पोती!"

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आधी खराट्यांनी रांगोळी झाडली. हापशावरून बादल्यांची रांग लागली आणि चांगल्या पाण्याने शेण धुऊन काढलं. मग कापसाची रिकामी पोती, जुनी लुगडी, एकीने तर घडीही न मोडलेली नवी गोधडी आणली, आणि अख्खं गाव गुडघ्यावर बसून डांबर पुसायला लागलं. एक म्हातारा मध्येच म्हणाला, "माह्या घराची फरशी कधी इतकी पुसली नाही." त्याची बायको पोत्यावरून मान वर न करता म्हणाली, "तुम्ही कोणती पुसली तेच सांगा अगोदर." हसताहसतासुद्धा कोणाचा हात थांबला नाही. वरून ऊन मदतीला होतंच.

वीस मिनिटं संपता संपता अधिकाऱ्यांची गाडी आली. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उतरले, वाकले आणि डांबरावर तळवा ठेवत ठेवत पूर्ण वळण चालले, वैद्याने नाडी बघावी तसे. डावीकडे कडुनिंबाच्या सावलीत पट्टा अजून दमट होता. तिथे ते थांबले. वायरलेसवर म्हणाले, "बाकी कोरडं आहे. शेवटच्या घरापाशी डावीकडे ओल. सगळ्यांना सुरुवातीच्या रेषेवर सांगा." मग आमच्याकडे वळून नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पहिली गाडी आली ती आधी ऐकू आली. बागेपलीकडे फटाके वाजावेत तसा आवाज, मग शांतता, मग एकदम समोर! डोळ्याचं पातं लवेपर्यंत ती वळणात आडवी होऊन सरळ झाली आणि गेलीसुद्धा. मागे रबराचा वास आणि कापसाचं एक बोंड हवेत. मी पासष्ट वर्षांत इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं. एकेक गाडी यायची, प्रत्येक जण सावलीच्या पट्ट्यापासून हातभर दूर राहून जायचा. निरोप पोचला होता.

मग रमेशभाऊ हळूच म्हणाले, "मोठ्या बाई, पुढची तुमची."

मंदाताईंनी माझा हात धरला. गाडी आली. जरा जास्तच वेगात आली असं मला वाटलं. मागचं चाक सावलीकडे सरकलं, सुमनबाई "माय वं!" म्हणाल्या, गाडीने ओट्याच्या दिशेने झोक घेतला, सावरली आणि निघून गेली. तेवढ्या क्षणात मला मृणाल दिसली. हेल्मेटमधलं डोकं खाली, वहीवर. ओठ हलत होते. गाडी भिंतीकडे झुकली तेव्हासुद्धा तिने वर पाहिलं नाही. पुढची ओळ वाचत होती.

दुपारी मिहानच्या मैदानावर त्यांची गाडी आपल्या चाकांवर परत आली. नंबर बिंबर काही नाही, मधेच कुठेतरी. पण शेवटपर्यंत पोचली. पराग आईला उचलून गोल फिरवत होता आणि मंदाताई ओरडत होत्या, "सोड रे, बह्याडावानी (म्हणजे वेड्यासारखं) करू नको!"

मृणाल म्हणाली, "आजी, शेवटच्या घरापाशी ओल असल्याचा निरोप अगदी रेषेवर आला. मी ती ओळ दोनदा वाचली. मागच्या वेळी एकदाही वाचली नव्हती."

"ती ओल माझी होती," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. पराग पोट धरून हसला. मृणाल हसली नाही.

"तू ओरडली नसतीस तर?"

"तर तू कदाचित माझ्याबरोबर घरी आली असतीस."

मग तिने माझ्या पदराला वाळून चिकटलेलं शेण नखाने खरवडून काढलं, आणि मेकॅनिकने हाक मारली तशी गेली.

परतीच्या प्रवासात शेजारच्या बाई कुठे गेला होतात विचारत होत्या. रॅली म्हटल्यावर त्यांना मोर्चा वाटला. मी समजावत बसले नाही. मी स्वतःच किती वर्षं वेगाने जाणाऱ्या पोरांना बेफिकीर म्हणत आले. आता वाटतं, शेजारच्या माणसाच्या शब्दावर डोळे मिटून जीव टाकायचा, आणि ज्याच्यावर टाकला त्याने एक ओळही गाळायची नाही, एवढं जपून तर मी संसारही केला नाही. आणि अनोळखी पोरांच्या गाड्यांसाठी नवी गोधडी रस्त्यावर टाकणारं गाव! तिथे चूक करूनही मला कोणी बोल लावला नाही.

सांगलीला लेक डब्याच्या दाराशी उभा होता. त्याने माझा हात धरून उतरवलं आणि माझ्या मागे पाहिलं.

"ती येणार नाही," मी म्हटलं. "गाडी पोचली."

तो पिशव्या घेऊन जिन्यापर्यंत आला आणि थांबला.

"लागलं बिगलं नाही ना कुठं?"

"ते तिलाच विचार."

त्याने पिशव्या खाली ठेवल्या. खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला धरून, सगळ्या गर्दीला पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पिशव्यांवर बसले. बराच वेळ बसावं लागलं.