पोळ्याचं आवतन

पोळ्याआधी बाजारात बैलांची शिंगं रंगवायच्या वारनीसचे छोटे डबे मांडलेले दिसले, की आजही माझी नजर आधी निळ्या डब्यावर जाते आणि ती घटना आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले निम्मे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. ही केस मात्र तशीच्या तशी उभी राहते. नावं कुणाचीच सांगणार नाही. गाव जिंतूर तालुक्यातलं, एवढं पुरे.

तेव्हा मी उपविभागीय पोलीस अधिकारी होतो. अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून असे गुन्हे ठाण्यातून माझ्याकडे येत. लोकांना वाटतं, अशा तपासाला फार अक्कल लागते. अक्कल कमी लागते हो, चिकाटी जास्त. गुन्हा कुणी केला हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बोलायचं कुणी, एवढाच प्रश्न असतो.

त्या गावात पोळ्याची रीत अशी होती. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, सगळ्या जोड्या मारुतीपुढे जमायच्या. गावच्या मानकऱ्याची मानाची जोडी तोरणाखालून आधी जायची, मग बाकीच्यांच्या. बौद्ध वस्तीतल्या जोड्या मात्र गाव जेवायला बसलं की मागच्या वाटेनं जायच्या, तोरणाखालून नाही. हा नियम कुणी केला म्हणून विचारलं, तर उत्तर एकच : "पहिल्यापासून हायच तसं." हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मी शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी मीही हे म्हटलंय. त्या गावात मुक्या जनावराला जेवणाचं आवतन होतं. वस्तीतल्या माणसाला ते कुणी कधी दिलं नव्हतं.

त्या वस्तीत एक म्हातारे गृहस्थ राहायचे. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही तेच म्हणतो. थोडं कोरडवाहू वावर, एक बैलजोडी, मुलगा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, सून अंगणवाडीत. सून शिकलेली आणि जिभेला धार असलेली. त्या वर्षी ती सासऱ्याला म्हणाली, "नाना, यंदा जोडी तोरणाखालून न्यायची. आपले बैल काय कमी राबतेत व्हय?" नाना पूजाअर्चा काही करत नसत, पण वर्षभर राबणाऱ्या बैलाचा त्या दिवशी मान करायचा हे त्यांचं पक्कं होतं. त्यांनी मान डोलावली. सुनेनं दोन्ही बैलांची शिंगं निळ्या वारनीसनं रंगवली. गावात बाकी सगळी शिंगं तांबडी नाहीतर हिरवी, निळी तेवढीच.

पहिला नंबर नानांनी मागितला नव्हता. जोडी रांगेत कुठेतरी मधेच उभी होती. तरी मानकऱ्याच्या थोरल्या मुलानं पुढं येऊन नानांच्या हातातला कासरा हिसकला. चांगला तिशीतला लेकुरवाळा बाप्या. "बैल घेतले म्हणून बरोबरी करायलात व्हय रे!" असं म्हणत त्यानं म्हाताऱ्याला ढकललं, सुनेला नको ते बोलला. जाणती मंडळी मधे पडली. मधे पडली म्हणजे काय, तर नानांनाच म्हणाली, "जाऊ द्या नाना, सणासुदीचं कशाला?" नाना बैल घेऊन थेट शेतातल्या आखाड्यावर निघून गेले. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातलं खोपट. अर्ध्यात गुरं, अर्ध्यात कडबा आणि एक बाज.

दिवेलागणीला सून पुरणपोळीचं ताट घेऊन शेताकडे निघाली, तर समोर आखाडा पेटलेला. नाना आत बाजेवर झोपलेले होते. कसेबसे सरपटत बाहेर आले, पण पाठ आणि दोन्ही हात भाजले. त्यांना परभणीच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. बैल मात्र लांब निंबाच्या झाडाला बांधलेले, अंगावर साधा डाग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात पोचलो. पंच बोलावून जागेचा पंचनामा केला, मग जबाब घ्यायला बसलो. पहिला म्हणाला, "म्हाताऱ्याच्या विडीनं पेटलं." दुसरा, तिसरा, चौथाही तेच, शब्दसुद्धा तेच. खरं सांगणारी माणसं नेहमी थोडं थोडं वेगळं सांगतात. सगळे एका सुरात बोलायला लागले, की समजायचं, धडा पाठ करून घेतलाय.

नानांचा मुलगा हादरलेला होता. "साहेब, कशाला त्या जबाबाच्या भानगडी? आमी पुण्याला जायलो. वावर इकून टाकतो." त्याची बायको शांतपणे म्हणाली, "नाना दवाखान्यातून येईस्तोर थांबू. आरोपी सापडला तर इथंच राहू. न्हाई सापडला तर मीच म्हणते, चला." बोलत होती नवऱ्याशी, पण ऐकवत मला होती. एवढं न कळण्याइतका मी बावळट नव्हतो. एका घराचं गावात राहणं की उठून जाणं, हे आता माझ्या तपासावर आलं होतं, आणि माझ्या हातात शून्य होतं.

त्यानंतरच्या सकाळी मी ऑफिसात चहा घेत असताना फोन आला. बाईचा आवाज, दबका. "साहेब, विडी-बिडी काय बी न्हाई. बैलं कुणी सोडले, तेवढं इचारा." आणि फोन बंद. नंबर काढता आला असता, पण मी काढला नाही. खबर देणाऱ्याच्या मागं लागलं की पुढची खबर बंद होते.

मी तडक दवाखाना गाठला. नाना त्या सकाळीच शुद्धीवर आलेले, पालथे पडलेले, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, वेदनेनं रडतायत. तर म्हणाले, "माझी जनावरं भाजून मेली ओ साहेब. ऐन पोळ्याला."

"कोण म्हणालं? बैल ठणठणीत आहेत, नाना. निंबाला बांधलेले होते."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "निंबाला? कुणी बांधले?"

"तुम्ही नाही सोडले?"

"म्या कवा सोडू? जाग आली तवा वरचं छप्पर पेटलेलं."

"आणि विडी?"

"कशाची विडी? म्या तंबाखू खातो, साहेब!" तेवढ्या यातनांतही म्हातारा वैतागला. मला मनातून हसू आलं.

घरच्यांना वाटलं होतं नानांनी सोडले, नानांना वाटलं होतं बैल गेले. म्हणजे ज्यानं आग लावली त्यानंच आधी बैल सोडले होते. चोरट्याला, गुंडाला हे सुचत नाही. हे काम शेतकऱ्याचं. आखाडा जाळायला निघाला खरा, पण पोळ्याच्या दिवशी सजवलेला बैल जाळायला त्याचा हात धजला नाही.

वेशीतल्या भांडणात जे जे होते त्यांना ठाण्यात बोलावलं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि एकेकाला वेगळं बसवलं. मानकऱ्याच्या मुलाला मुद्दाम शेवटी आत घेतलं. आगीच्या रात्रीपासून तो घराबाहेर पडला नव्हता. मारझोड करून माणूस बोलतो, पण खरं बोलतोच असं नाही. मी त्याला चहा दिला. आगीबद्दल चकार शब्द काढला नाही. पीकपाणी विचारलं, त्याच्या बैलांचं विचारलं. गडी जरा सैलावला. मग मी म्हटलं, "म्हातारा वाचेल रे. पण त्याचे बैल गेले. दोन्ही."

त्यानं कपबशी खाली ठेवली. "असं कसं?"

"दाव्यालाच होरपळले. पोळ्याच्या दिवशी बैल जाळला! गाव म्हणतंय, ज्यानं केलं त्याला सात पिढ्या—"

"खोटं हाय!" तो ताडकन उठला. "म्या सोडलते, साहेब! सोडून निंबाला बांधलते!"

जबाब लिहून घेणाऱ्या माझ्या रायटरचा पेन थांबला. गडी उभाच. आपण काय बोलून बसलो हे हळूहळू त्याच्या तोंडावर दिसायला लागलं.

"बस खाली," मी म्हटलं. "बैल जिवंत आहेत. आता सांग, आत कोण आहे ते बघितलंस?"

तो खाली बसला. मग मान खाली घालून म्हणाला, "न्हाई."

मला त्या क्षणी त्याचा संताप आला, खोटं कशाला सांगू? पण संतापानं केस उभी राहत नाही. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पुरावा लागतो. श्रावणातल्या दमट हवेत वारनीस लवकर वाळत नाही. बैल सोडताना शिंगं अंगाला घासलीच असणार. त्या दिवशीचा सदरा कुठाय म्हणून विचारलं, तेव्हा दोन पंचांसमक्ष तो काढून द्यायला कबूल झाला. आम्ही त्याला घेऊन घरी गेलो.

दारातच त्याची आई उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं पदराआडून सदरा पुढं केला. बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत निळा पट्टा. मानकरी ओसरीवरून ओरडले, "गुमान आत जा!"

"आत जाऊनच जलम गेला," ती म्हणाली, आणि तो आवाज मी ओळखला. फोनवरचा दबका आवाज तोच होता, आता फक्त दबका नव्हता.

पंच सदरा सील करत होते तेव्हा ती माझ्याशी बोलली. "नाव घ्यायला जीभ उचलली न्हाई, साहेब. पोटचं हाय. रंग बघून आधी मला बरंच वाटलं, की ह्यानं बैलं जपले. मग कळलं, नाना आत व्हते. बैलं दिसले अन् माणूस दिसला न्हाई. हे त्याला कुणी शिकवलं? आमीच की."

मानकरी दुसऱ्या दिवशी दोन पुढारी घेऊन माझ्याकडे आले. "लेकरू हाय साहेब, रागाच्या भरात झालं." मी म्हटलं, "काका, तुमच्या लेकराला दोन लेकरं आहेत. आता त्याला मोठा होऊ द्या." पुढाऱ्यांनी चहाही घेतला नाही. बरंच झालं, दूध संपलं होतं.

सदरा काढून देणाऱ्या त्या बाईंनी मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला. भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, सख्ख्या भावानं त्या वर्षी माहेरी नेलं नाही. त्या डगमगल्या नाहीत. पुढं खटला उभा राहिला, तेव्हाही साक्षीला आल्या आणि मुलाकडे बघत सगळं सांगितलं. मुलाला शिक्षा झाली. विडीचा धडा म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी त्यांचं बघून कोर्टात खरं सांगितलं. एक माणूस बोलला की दुसऱ्याचा घसा मोकळा होतो, हे मी तिथं पाहिलं.

या केसनं मला काय शिकवलं म्हणाल, तर हे. दुष्टपणा सगळा काळाकुट्ट असता तर पोलिसांचं काम सोपं झालं असतं. त्या माणसाच्या काळजात दया होती, ती बैलापर्यंत पोचली होती. पुढचं एक पाऊल त्याला कुणी टाकायला शिकवलं नव्हतं. कायदा त्याला शिक्षा देऊ शकतो आणि दिलीच पाहिजे. पण ते पाऊल गावालाच टाकावं लागतं. ते कसं टाकतात, हेही मला बघायला मिळालं.

शिक्षा व्हायच्या आधी, खटला अजून कोर्टात असतानाच पुढचा पोळा आला. मी शांतता समितीची बैठक घेऊन स्वच्छ सांगितलं होतं, तोरणाखालून कुणाला अडवलं तर त्याचा पोळा ठाण्यात. गावातल्या तरण्या पोरांनीच तोडगा काढला : जो आधी येईल तो आधी जाईल. तरीही बंदोबस्त होता. खांदेमळणीच्या संध्याकाळी मी नानांच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. सून आत निळा डबा उघडत होती. घर पुण्याला गेलं नव्हतं.

तेवढ्यात वस्तीत कुजबुज झाली. मानकऱ्याच्या घरच्या बाई एकट्याच चालत येत होत्या. नानांपुढं येऊन उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "नाना, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

नानांनी डोळे किलकिले केले. "हे तर बैलाचं आवतन झालं, बाई."

"माणसाला कसं द्यायचं ते आमच्या घरात कुणाला ठावंच न्हाई, नाना. येत व्हतं ते म्हणले."

नानांनी आपल्या आखडलेल्या हातांकडे पाहिलं. "केस मागं घेणार न्हाई बरं का."

"घेऊ नका. म्या बी जबाब फिरवणार न्हाई."

आतून सुनेनं विचारलं, "किती जणांनी यायचं?"

"सगळे या. म्होरल्या दारानं."

दुसऱ्या दिवशी निळ्या शिंगांची जोडी तोरणाखालून गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी अडवलंही नाही. त्यानंतर मी मानकऱ्यांच्या घरी नानांच्या शेजारच्या पाटावर जेवलो. नानांना पोळी मोडता येत नव्हती, सून तुकडे करून देत होती आणि बाई वरून तूप वाढत होत्या. मानकरी ओसरीच्या खांबाला टेकून उभे. बसले नाहीत, पण गेलेही नाहीत.

हात धुऊन निघताना नाना त्यांच्यापुढं थांबले. "उद्या पोळ्याची कर, आमच्याकडं या जेवायला. आवतन घ्या."

मानकरी खांबाला टेकलेलेच. त्यांच्या मागून बाई म्हणाल्या, "नाना, कवा येऊ?"